आबांची पिवळी रेघ

आमच्या आबांइतका सरकारवर जीव टाकणारा माणूस खुद्द सरकारातसुद्धा झाला नसेल. पुण्याहून टपाल आलं की आबा आधी हात धुवायचे, मग चपला खुर्चीखाली काढून ठेवायचे आणि उभं राहून पाकीट फोडायचे. त्यातून एखाद्या खतवाल्याची जाहिरात निघाली तरी ती शेवटच्या ओळीपर्यंत उभ्यानंच वाचायचे, कारण पाकीट फोडताना ते सरकारी समजून फोडलेलं असायचं आणि मग मध्येच खाली बसणं त्यांना बरं वाटत नसे. खरंच सरकारी कागद असला तर विचारूच नका. वाचून झाला की तो कपाळाला लावून फाईलला लावायचे, आणि त्यानंतर निदान पाच मिनिटं कुणाशी वायफळ बोलत नसत. एकदा जेवताना असाच कागद आला, तेव्हा हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला आणि भाकरी गार होईपर्यंत उभे राहिले. कागदात एवढंच होतं की मागच्या कागदाचा विचार करू नये.

आबा आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क. कॉलेज म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढं येईल तसलं नव्हे हो. शिरूरला, ज्याला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात तिथं, मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत मुलींचा एक मदरसा होता. सकाळी तिथं दीनचं, म्हणजे धर्माचं शिक्षण चालायचं आणि दुपारी त्याच दिवाणखान्यात बी.ए.चे वर्ग भरायचे, रीतसर मान्यता असलेले. दोन्हींच्या मुख्य एकच, आमच्या आपा. मी दौंडची. वडलांचं स्टेशनजवळ घड्याळदुरुस्तीचं टपरीवजा दुकान, घरात आम्ही चार बहिणी, म्हणून मला इथल्या वसतिगृहात टाकलेलं. तर अशा या बुरख्या-दुपट्ट्यांच्या जागेत हेडक्लार्क कोण, तर धोतर, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ घातलेले वडगाव रासाईचे एक शेतकरी गृहस्थ, पंचायत समितीतून रिटायर झालेले. आपा एकदा त्यांच्याकडे एक अर्ज लिहून घ्यायला गेल्या होत्या. आबांना आपांच्या जुन्या फायलीत इतक्या चुका सापडल्या की त्या दुरुस्त करायला म्हणून ते शिरूरला आले आणि अकरा वर्षं राहिले. गावातली माणसं त्यांना पारावर अडवून विचारायची, आबा, माळकरी माणूस तुम्ही, त्या मदरशात जाऊन करता तरी काय? आबा म्हणायचे, "फायली."

आता पिवळ्या रेघेचं सांगते, म्हणजे माणूस नीट कळेल. पदवीच्या मुलींसाठी सरकारनं एक शिष्यवृत्ती काढली होती आणि तिच्यासोबत संस्थेला थोडं अनुदानही मिळणार होतं. फक्त अट अशी की जिथं दीनधर्माचं शिकवतात तिथं ते शिक्षण आणि सरकारमान्य शिक्षण यांची जागा, वेळ आणि सामान वेगवेगळं पाहिजे. दुसरं कुणी असतं तर 'वेगवेगळं आहे' असं लिहून मोकळं झालं असतं. आबांनी पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणला. फाटकापासून सुरू करून, दिवाणखान्याच्या बरोबर मधून, मागच्या अंगणातल्या कडुनिंबापर्यंत त्यांनी चार बोटं रुंदीची रेघ ओढली. ओढली म्हणजे स्वतः गुडघ्यावर बसून, दोरी लावून ओढली. फाटकातून आत येताना डावीकडं दीन आणि उजवीकडं सरकार. लगेच दोन घंटा आल्या, दोन झाडू आले, खडूच्या दोन पेट्या आल्या. पाण्याचा माठ आमच्या नशिबानं दीनच्या बाजूला होता, तेव्हा अर्थशास्त्राच्या तासाला तहान लागली तर काय, यावर आबांनी आठवडाभर विचार केला आणि शेवटी वडगावहून दुसरा माठ डोक्यावर घेऊन आले. पंखा मात्र एकच होता आणि तो नेमका रेघेवर टांगलेला. तो काही चिरता येईना. तेव्हा पंखा दीनचा धरायचा आणि त्याची उजवीकडं येणारी हवा ही देणगी समजायची असं ठरलं, आणि त्या देणगीबद्दल सरकारी बाजूतर्फे आबांनी आपांना आभाराचं पत्र दिलं. आपांनी ते जपून ठेवलंय.

मांजरानं रेघ ओलांडली तर आबा काही म्हणत नसत, पण माणसांना सूट नव्हती. सकाळी कुराण शिकवणाऱ्या आणि दुपारी इंग्रजी शिकवणाऱ्या आपा एकच होत्या, म्हणून त्यांना मस्टर दोन. डाव्या मस्टरवर सही करून जायचं, रेघ ओलांडायची, आणि उजव्या मस्टरवर सही करून यायचं. आपा आधी चिडल्या, मग हसल्या, मग त्यांना सवय झाली. इतिहासाच्या पुस्तकात संत आणि सूफी यांचा धडा आला तेव्हा मात्र आबांची झोप उडाली. धडा विद्यापीठाचा, म्हणजे उजवीकडं शिकवायला हवा. माणसं देवाधर्माची, म्हणजे त्यांना डावीकडं जागा. दोन दिवस आबा जेवले नाहीत असं त्यांच्या घरून कळलं. तिसऱ्या दिवशी तोडगा निघाला. मुली उजवीकडं बसतील आणि बाई डावीकडं उभ्या राहून शिकवतील. अख्खा आठवडा आम्ही संतसूफी असे पलीकडून ऐकले. परीक्षेत त्याच धड्यावर सगळ्यांना चांगले मार्क पडले.

पण खरी मजा शिंकांची. आमच्यात शिंक आली की शिंकणारीनं अल्लाहचे आभार मानायचे आणि ऐकणाऱ्यांनी तिच्यावर रहम व्हावी म्हणून दुआ द्यायची, अशी रीत आहे. एकदा अर्थशास्त्राच्या तासाला मला शिंक आली आणि सवयीनं तोंडातून शब्द गेला. दाराशी आबा उभे. ते काही ओरडले नाहीत, ओरडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. हळूच म्हणाले, पोरी, शिंक इथं दिली तरी चालंल, तिला धर्म न्हाई, पण पुढचं तेवढं पलीकडं जाऊन म्हणत जा. झालं. त्या दिवसापासून शिंक आली की मुलगी उठून रेघेपलीकडं जायची, आभार मानायची, आणि तिला दुआ द्यायची म्हणून तिच्या पाठोपाठ सगळा वर्ग पलीकडं जायचा. मागणी-पुरवठ्याचा धडा सुरू झाला की आम्हां सगळ्यांना सर्दी व्हायची. एका तासाला नऊ शिंका आल्या. अर्थशास्त्राचे सर रडकुंडीला आले, पण आबांचं म्हणणं एवढंच की नियम म्हणजे नियम, आणि पोरींना सुंठ द्या.

आणि हे सगळं आमच्यापुरतं असतं तर गोष्ट वेगळी होती. आबा स्वतःही त्यातून सुटले नव्हते. खुर्चीवर बसताना त्यांच्या तोंडातून 'राम कृष्ण हरी' निघायचंच, तेव्हा ते आधी डावीकडं जायचे, तिथं उभ्या उभ्या 'राम कृष्ण हरी' म्हणायचे आणि मग उजवीकडं येऊन गप्प बसायचे. नमाजाच्या जानमाजींच्या घड्या आणि कुराण ठेवायचे लाकडी रेहल यांच्यामध्ये उभं राहून डोळे मिटून हरीचं नाव घेणारे आबा, हे आम्ही रोज दिवसातून आठ-दहा वेळा बघायचो. नव्या मुली बावरायच्या. एकीनं धीर करून विचारलं, आबा, तुमचा देव तर वेगळा, मग तुम्ही आमच्या बाजूला का जाता? आबांना त्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. म्हणाले, "धर्म म्हंजी धर्म. त्याला बाजू एकच हाय." माळेचंही तेच. माळकऱ्यानं माळ काढायची नसते, म्हणून सरकारी बाजूला आले की ते माळ सदऱ्याच्या आत सारून गळ्याचं बटण लावायचे आणि पलीकडं गेले की बटण सोडायचे. एप्रिलच्या उन्हात, दुपारी तीनला, गळ्यापर्यंत बटण लावून घामाघूम बसलेले आबा आठवले की अजून मला कसंतरी होतं.

एवढं करूनही पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती आली नाही. अर्जात एक रकाना होता, 'विद्यार्थिनींना संस्थेत धार्मिक शिक्षण दिले जाते काय?' आबांनी ठळक अक्षरात 'होय' लिहिलं, आणि सोबत रेघेचं चार पानी वर्णन जोडलं, नकाशासकट. अर्ज परत आला. आपांनी त्यांना खूप समजावलं. जिल्ह्यात सगळेच 'नाही' लिहितात, आणि आपली बी.ए. वेगळी चालते हे तर खरंच आहे ना, असं सांगितलं. आबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, सरकारानं इचारलंय, ठाऊक असून न्हाई कसं म्हणू?

इथं माझा मुद्दा येतो. त्या वर्षी उन्हाळ्यात मी घरी गेले तेव्हा वडलांनी खोलीच्या कोपऱ्यात शिलाईचं जुनं मशीन आणून ठेवलं होतं. वरवंडच्या एका टेलरकडून आणलेलं. वर स्वच्छ चादर घातलेली. वडील फार बोलणारे नव्हते. म्हणाले, यंदा तो शिष्यवृत्तीचा वजीफा आला तर शीक, नाही आला तर हे आहे. त्यांचा काही दोष नव्हता. माझ्या मागं तिघी होत्या. मी शिरूरला परतले आणि अर्ज भरताना आबांना हे सगळं सांगितलं, कारण आबा अर्ज भरताना घरच्या कोंबड्यांसकट सगळं विचारायचे. मशीनचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ते पायाचं हाय का हाताचं, एवढंच विचारलं. पायाचं, म्हटलं. त्यानंतर त्यांनी माझा अर्ज पुन्हा पहिल्यापासून सुवाच्य अक्षरात लिहून काढला.

आणि त्या वर्षी तपासणीला पुण्याहून साहेब आले. गाडी बंद पडल्यानं बिचारे एस.टी.नं आले होते, उन्हानं लालबुंद झालेले. खुर्चीवर टेकले आणि आपण सगळेच म्हणतो तसं "देवा रे" म्हणाले. आम्ही बत्तीस मुली उजवीकडं रांगेत उभ्या होतो. पुढं काय होणार हे आम्हांला ठाऊक होतं. आबा हात जोडून पुढं झाले आणि अत्यंत अदबीनं म्हणाले, साहेब, तेवढं पलीकडं जाऊन म्हणता का? साहेबांना कळेना. आबांनी रेघ दाखवली, कागद दाखवला, नियम दाखवला. साहेबांनी एकदा आपांकडं पाहिलं, आपांनी मान खाली घातली. मग तो भला माणूस उठला, रेघ ओलांडून गेला, तिथं "देवा रे" म्हणाला आणि परत येऊन बसला. त्यानंतर त्यांनी दोन घंटा पाहिल्या, दोन माठ पाहिले, पंख्याच्या हवेचं आभारपत्र पाहिलं आणि खिशातला रुमाल काढून बराच वेळ तोंड पुसत राहिले.

तपासणी झाली. साहेबांनी अर्ज पुढं ओढला आणि म्हणाले, असं काटेकोर मी कुठंच पाहिलेलं नाही, माझा शेरा चांगलाच असेल, फक्त या रकान्यात तुम्ही पुन्हा 'होय' लिहिलंय. ते खोडून 'नाही' लिहा आणि बाजूला सही करा, बाकीचं माझ्यावर सोडा. 'होय' दिसलं की वरचा माणूस पुढचं वाचतच नाही. साहेबांनी पेन त्यांच्यापुढं धरलं.

आबांनी ते घेतलं आणि उभे राहिले. मला त्या वेळी आबांचा इतका राग आला होता की काय सांगू. दोन अक्षरं लिहायची होती हो, आणि माझ्या डोळ्यांपुढं चादर घातलेलं मशीन. आबांनी कागद उचलला, रेघेपाशी गेले, थांबले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग आपांना म्हणाले, "आपासाहेब, खोटं लिव्हायचं तर कुठल्या बाजूला लिव्हायचं? इकडं लिव्हलं तर सरकारला फसीवलं, तिकडं लिव्हलं तर देवाला." आबांनी रांगेकडं पाहिलं. माझ्याकडंच पाहिलं असं मला वाटतं, पण प्रत्येकीला तसंच वाटलं असेल. मग रेघ ओढल्यापासून जे कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. आजवर ते धोतराचा सोगा उचलून रेघ ओलांडायचे, तिच्यावर पाय पडू द्यायचे नाहीत. त्या दिवशी ते चपला काढून रेघेवरच उभे राहिले. एकापुढं एक पाऊल लावून, चार बोटांच्या त्या पिवळ्या पट्टीवर, जी कुणाच्याच हद्दीत नव्हती. कागद तळहातावर धरला, तोल जाऊ नये म्हणून आपांनी त्यांच्या कोपराला हात दिला, आणि आबांनी 'होय' खोडून 'नाही' लिहिलं. खाली सही केली. सही नेहमीसारखी झोकदार आली नाही.

साहेब गेल्यावर आबा डावीकडं गेले, बटण सोडलं, गळ्यातली माळ काढली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. आपा म्हणाल्या, आबा, हे काय करताय? आबा म्हणाले, "राहू द्या इथंच. आपली आता पात्रता न्हाई."

शिष्यवृत्ती आली. अनुदानही आलं, त्यातून एक लोखंडी कपाट आलं आणि ते उजवीकडं बसलं. मी शिकले. आबा पहिल्यासारखेच यायचे, उभ्यानं टपाल फोडायचे, शिंकणाऱ्यांना पलीकडं पाठवायचे. फक्त आता त्यांचं गळ्याचं बटण दोन्ही बाजूंना लावलेलं असायचं, रिकामा गळा दिसू नये म्हणून. घरी काय सांगितलं होतं कोण जाणे. 'राम कृष्ण हरी' म्हणायलाही ते पलीकडं जात नसत. म्हणतच नसत. खिळ्यावरची माळ आम्ही मुली आळीपाळीनं फडक्यानं पुसायचो आणि कॅलेंडर बदललं तरी तिला हलवायचो नाही. कुणी काही बोलायला गेलं की आबा फाईल उघडायचे.

माझा बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी दौंडहून पेढे घेऊन गेले. आबांनी पेढा घेतला, मार्कलिस्ट उभ्यानं वाचली, कपाळाला लावली. गळ्याचं बटण बंदच. मला राहवेना. तोंडी सांगून हा माणूस ऐकायचा नाही हे आम्हांला कळून चुकलं होतं, तेव्हा मी आपांच्या खोलीत गेले, एक कोरा कागद घेतला आणि आबांनीच शिकवलेल्या भाषेत लिहिला. विषय : माळ परत घेण्याबाबत. संदर्भ : आपण रेघेवर उभे राहून केलेली सही. महोदय, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, सदर सहीमुळे बत्तीस मुलींचे शिक्षण सुरू राहिले असून संस्थेच्या धार्मिक बाजूची आपणाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. सबब आपण पात्र आहात. सोबत : माळ एक, खिळ्यावर. खाली आपांनी सही केली आणि शिक्का मारला. शिक्का मारताना त्यांचे डोळे भरले होते, म्हणून तो जरा तिरका पडला.

आबांनी हात धुतले, चपला काढल्या, उभं राहून कागद वाचला. सगळा वाचला. मग म्हणाले, जावक नंबर न्हाई टाकला. आपांनी टाकला. पुन्हा वाचला. मग आबा आपांकडं बघत म्हणाले, आपासाहेब, तुमची बाजू माझ्या देवाच्या वतीनं कसं काय लिव्हंल?

"तुम्हीच ठरवलंय, आबा," आपा म्हणाल्या, "धर्माला बाजू एकच."

स्वतःचाच नियम असा अंगावर आल्यावर आबांना पळवाट राहिली नाही. त्यांनी कागद कपाळाला लावला, फाईलला लावला. मग धोतराचा सोगा उचलून रेघ ओलांडली, गळ्याचं बटण सोडलं आणि माळ गळ्यात घातली. मग कितीतरी वेळ भिंतीकडं तोंड करून उभे होते. आम्ही कुणी त्यांच्या मागं गेलो नाही.

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवाणखान्यात नव्या फरश्या बसल्या, रेघ त्यांच्याखाली गेली. खिळा तेवढा आहे, आपा त्याला काही अडकवू देत नाहीत. मी दौंडला एका शाळेत शिकवते. आमचं ते पायाचं मशीन माझ्या धाकट्या बहिणीकडं आहे, ती हौसेनं चालवते. मला वर्गात शिंक आली की अजूनही मी खडू ठेवते, दाराच्या उंबऱ्याबाहेर जाऊन ते शब्द म्हणते आणि आत येते. मुलं हसतात. मीही हसते, आणि उंबरा ओलांडताना हात आपसूक गळ्याच्या बटणाकडं जातो.